वाळूतलं लोखंड काढायचा स्कूप: तुटतो कुठे, गंजतो का, आणि घ्यायचा कसा

मंडळी, मेटल डिटेक्टर आता ऑनलाइन सहज मिळतो आणि आपल्या गोव्याच्या किनाऱ्यावर त्याचा उपयोग दोन कामांना होतो. एक म्हणजे रापण ओढायची जागा साफ करणं. खिळे, गंजलेल्या तारा, तुटके गळ, शॅकच्या मोडतोडीतले स्क्रू, हे सगळं वाळूत बसतं आणि अनवाणी पायात घुसतं नाहीतर जाळ्याला धरतं. दुसरं काम पाहुण्यांचं. वॉटर स्पोर्ट्सच्या बोटीवरून उतरताना कोणाची अंगठी गेली, लाटेत चेन तुटली, की ते बिचारे आधी आपल्यालाच विचारतात.

डिटेक्टर कुठला घ्यावा यावर जेट्टीवर तासभर चर्चा होते. स्कूपबद्दल कोणी विचारत नाही. डिटेक्टर फक्त सांगतो, बाबा इथे काहीतरी आहे. काढायचं काम स्कूपचं. कोरड्या वाळूत हाताने उकरून निभतं, पण ओल्या वाळूत खड्डा कडेने ढासळतो, आणि गुडघाभर पाण्यात तर प्रत्येक लाट खड्डा परत भरून जाते. तिथे दोन-तीन घावांत वस्तू वर आली नाही तर ती सरकते, आणखी खाली बसते, आणि मग शोधत बसा. म्हणून स्कूपला पैसे घालायचे, पण डोळे उघडे ठेवून. वरून सगळे सारखेच चकचकीत दिसतात.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी: स्कूप म्हणजे लांब दांड्याचं, भोकं पाडलेलं, डब्यासारखं फावडं. पायाने दाबून वाळूत घालायचं, मागे ओढून उचलायचं, पाण्यात हलवायचं. वाळू भोकांतून जाते, वस्तू डब्यात राहते. तिसऱ्या काढणाऱ्या बायका टोपली पाण्यात हलवून वाळू काढतात, तीच युक्ती.

आधी मान बघा

दांडा आणि डबा जिथे जुळतात त्याला मी मान म्हणतो. स्कूप मोडतो तो बहुतेक तिथेच. कारण समजून घेतलं की घेताना फसगत होत नाही.

पायाने दाबून डबा वाळूत घातला, आता दांडा मागे ओढायचा. डब्याची टाच जमिनीवर टेकते आणि सगळा स्कूप तरफेसारखा फिरतो. टाचेपासून तुमचे हात एक मीटरवर आणि डब्याची पुढची धार २० सेंटिमीटरवर धरा. हाताने २० किलोचा जोर लावला तर धारेवर पाचपट, म्हणजे १०० किलोचा जोर येतो. तेवढा सगळा ताण मानेतून जातो. रोज शंभर वेळा. वेल्डिंग नुसतं टाके मारल्यासारखं असेल तर पहिल्या महिन्यात बारीक चीर पडते. ती दिसत नाही, तिच्यात खारं पाणी जाऊन बसतं, आणि मग एक दिवस दांडा हातात आणि डबा पाण्यात.

स्वस्त स्कूपमध्ये पाइप डब्याच्या मागच्या पत्र्याला नुसता चिकटवलेला असतो. दीड मिलिमीटरच्या पत्र्यावर एवढा जोर टिकत नाही, वेल्डिंग पक्कं असलं तरी बाजूचा पत्राच फाटतो. चांगल्या स्कूपमध्ये जोर पसरवलेला असतो. पाइपच्या दोन्ही बाजूंना त्रिकोणी पट्ट्या डब्याच्या कडेपर्यंत जातात, किंवा पाइपला जोडलेली एक जाड पट्टी डब्याच्या पाठीवरून खाली तळापर्यंत फिरवलेली असते. दुकानात धरून बघायला मिळत असेल तर धार एखाद्या पायरीच्या कडेखाली अडकवा आणि दांडा हळूहळू पण जोर लावून ओढा. मानेपाशी पत्रा आत-बाहेर होताना दिसला तर तो स्कूप तिथेच ठेवून या. ऑनलाइन घेत असाल तर मानेचा जवळून फोटो मागवा. समोरून काढलेल्या फोटोत काही कळत नाही.

वेल्डिंग चौफेर हवं. एक इंच केलं, एक इंच सोडलं, असं नको. सोडलेल्या जागी दोन पत्र्यांमध्ये केसाएवढी फट राहते, तिच्यात मीठ साचतं आणि हवा पोचत नाही. स्टेनलेसला नेमकी हीच गोष्ट सोसत नाही.

एसएस म्हणजे कुठलं एसएस?

समुद्र साध्या लोखंडाचं काय करतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको. २००० साली कांदोळी-सिकेरीच्या किनाऱ्याजवळ रुतलेलं रिव्हर प्रिन्सेस जहाज वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर गंजताना सगळ्यांनी बघितलं. म्हणून साध्या लोखंडाला रंग मारून केलेला स्कूप घेऊच नका. वाळू सँडपेपरसारखी रंग खरवडते. जीआयचंही तेच: वरचा जस्ताचा थर वाळूने झिजतो आणि वेल्डिंगच्या जागी तो जळूनच गेलेला असतो. (जीआय वेल्ड करताना निघणारा पांढरा धूर अंगाला बाधतो, ताप भरतो. बंद जागेत तर करूच नका.)

राहिलं स्टेनलेस. पण 'एसएस' एवढं ऐकून खूश होऊ नका. बाजारात तीन जाती भेटतात: २०२, ३०४ आणि ३१६.

स्टेनलेस गंजत नाही ते क्रोमियममुळे. क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर एक अतिशय पातळ पडदा धरतं. ओरखडा आला तरी तो पडदा आपला आपण परत धरला जातो. मिठातलं क्लोराइड मात्र त्या पडद्याला टोचून भोकं पाडतं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ३१६ मध्ये त्याशिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि तेच क्लोराइडला अडवतं. म्हणून बोटीचे शॅकल, वायर रोप, शाफ्ट घेताना जाणकार माणूस ३१६ मागतो. २०२ मध्ये निकेल महाग म्हणून कमी केलेलं असतं आणि त्याच्या जागी मँगनीज घातलेलं असतं. घरातल्या जिन्याच्या कठड्याला ते चालतं. समुद्रावर नेलं की थोड्याच दिवसांत तांबूस डाग यायला लागतात.

आता लोहचुंबकाची गोष्ट. "चुंबक चिकटत नाही, म्हणजे ओरिजिनल ३१६" असं दुकानदार छाती ठोकून सांगतो. यावर अजिबात जाऊ नका. २०२ ला पण चुंबक चिकटत नाही, ३०४ ला नाही, ३१६ ला नाही. उलट चांगल्या ३०४ चा पत्रा जिथे वाकवलाय तिथे चुंबक किंचित धरतो, आणि बिचारा खरा माल खोटा ठरतो. चुंबकाने फक्त साधं लोखंड आणि ४३० सारखं स्वस्त स्टेनलेस पकडता येतं, बाकी काही नाही. २०२ आणि ३१६ यांतला फरक हवा असेल तर स्टीलच्या मोठ्या स्टॉकिस्टकडे किंवा भंगाराच्या मोठ्या व्यापाऱ्याकडे जा. त्यांच्याकडे थेंब टाकून तपासायचं द्रावण असतं. मॉलिब्डेनमच्या तपासणीत थेंबावर छोटी बॅटरी लावतात, मॉलिब्डेनम असलं तर रंग बदलतो. काही यार्डांत सरळ बंदुकीसारखं यंत्र लावून सगळे आकडे वाचतात. पत्रा नवीन घेत असाल तर त्यावरचा छाप बघा आणि मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा.

मग ३१६ च घ्यायचा का? माझं मत सांगतो. स्कूप काही शाफ्टसारखा बारा महिने पाण्यात बुडालेला नसतो. दोन तास वापरला, गोड्या पाण्याने धुतला, सुकवला, तर ३०४ वर्षानुवर्षे चालतो. मोजके पैसे असतील तर ते आधी मानेवर घाला. कच्च्या मानेच्या ३१६ पेक्षा पक्क्या मानेचा ३०४ कधीही परवडला. पण स्कूप बोटीतच पडून राहणार असेल, कोणी धुणार नसेल, किंवा रोज पाण्यात उतरणं असेल, तर ३१६ ला पर्याय नाही. वेल्ड करायच्या कामाला '३१६ एल' मिळालं तर उत्तम. त्यात कार्बन कमी असतो, त्यामुळे वेल्डच्या बाजूची पट्टी कमजोर होत नाही.

टायटॅनियमचे स्कूपही येतात. वजन स्टीलच्या निम्म्याहून थोडंच जास्त आणि समुद्राच्या पाण्याने त्याला काही होत नाही. पण किंमत डोळे पांढरे करते, आणि मोडला तर आपल्या जेट्टीवरचा वेल्डर त्याला हात लावणार नाही. गरम टायटॅनियमला दोन्ही बाजूंनी आर्गनचं पांघरूण लागतं, ती सोय सगळ्यांकडे नसते. ॲल्युमिनियम हलकं असतं पण मऊ, धार लगेच बोथट होते. शिवाय ॲल्युमिनियमच्या दांड्याला स्टेनलेसचे बोल्ट मारले की खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. बोटीला आपण झिंक लावतो, ते झिंक स्वतः झिजून पंखा वाचवतं ना? तोच प्रकार, फक्त इथे झिजणारा तुमचा दांडा असतो.

प्लास्टिकचा स्कूप सुक्या वाळूत लहान पोरांच्या हाती द्या. ओल्या वाळूत तो नाही टिकत.

भोकं किती मोठी?

अंगठीचा बाहेरचा व्यास साधारण १८ ते २३ मिलिमीटर. २०११ पासून निघालेला एक रुपयाचा नाणा जवळपास २२ मिलिमीटरचा. म्हणजे १० ते १२ मिलिमीटरच्या भोकातून यातलं काहीच पडणार नाही. वाळू मात्र भराभर जाईल, पाण्यात उभं राहणाऱ्याला तेच हवं असतं. पण कानातली कुडी, चमकी, तुटलेल्या मंगळसूत्राचे मणी, बारीक चेन यांना १२ चं भोक म्हणजे उघडा दरवाजा. रापणीच्या जागेवरचे लहान गळ आणि खिळेही सुळकन निघून जातात. जागा साफ करायची असेल तर ८ मिलिमीटरच्या वर जाऊ नका. वाळू चाळायला वेळ जास्त लागेल, लागू दे.

आपल्या किनाऱ्याची वाळू कशी आहे तेही बघा. बारीक, दाबून बसलेली वाळू ८ च्या भोकातून पाण्यात छान जाते. जिथे शिंपल्यांचा चुरा आणि खडे जास्त, तिथे ८ च्या भोकांचा डबा भरलेलाच राहतो आणि तुम्ही नुसते शिंपले हलवत बसता. घ्यायच्या आधी आपल्याच किनाऱ्याची ओली वाळू बादलीभर आणून घरच्या झाऱ्यातून किंवा भोकाच्या टोपलीतून चाळून बघा, लगेच अंदाज येतो.

भोकं मोठी केली, जवळजवळ पाडली, की पत्रा उरतोच किती? १० चं भोक आणि दोन भोकांच्या मध्यांत १४ मिलिमीटरचं अंतर धरलं तर जवळपास निम्मा पत्रा गेलेला असतो. म्हणून धारेपाशी आणि मानेपाशी दोन बोटं जागा बिनभोकाची हवी. भोक अगदी धारेपर्यंत आणलेला स्कूप पहिल्या दगडावर फाटतो. हणजुणे-वागातोरसारख्या खडकाळ जागी तर हमखास.

पत्र्याची जाडी दीड ते दोन मिलिमीटर, म्हणजे १६ किंवा १४ गेज. धारेला वेगळी ३ मिलिमीटरची पट्टी, नाहीतर पत्राच दुमडून दुहेरी केलेला. आकाराचा मोह नको. १५ सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर खोल गोल डब्यात साडेतीन लिटर वाळू मावते. ओली वाळू लिटरला जवळपास दोन किलो धरा, म्हणजे दर खेपेला सात किलो, वर स्कूपचं वजन वेगळं. पन्नास खेपांत साडेतीनशे किलो. कंबर आपली आहे.

दांडा

स्टीलच्या पाइपचा दांडा सगळ्यांना भारी वाटतो. मला लाकडाचा आवडतो. वल्ह्याच्या दांड्यासारखा, सरळ रेषांचा, खाच नसलेला. एक तर तो पाण्यात तरंगू पाहतो, त्यामुळे हात सोडला तरी स्कूप पाण्यात उभा राहतो आणि सापडतो. दुसरं म्हणजे जास्तच जोर पडला तर आधी लाकूड मोडतं, मान वाचते, आणि लाकूड बदलायला खर्च किती? मात्र बोल्टच्या भोकात लाकूड कुजतं. भोक पाडलं की आत तेल किंवा इपॉक्सी सोडा आणि दर पावसाळ्याआधी बोल्ट काढून बघा. पाइपचाच घ्यायचा तर खालच्या टोकाला पाणी निघायला बारीक भोक आहे ना ते पाहा. आत साचलेलं खारं पाणी पाइपला आतून खातं आणि बाहेरून काही कळत नाही. लांबी अशी की ताठ उभं राहिल्यावर दांड्याचं टोक छातीच्या खालपर्यंत यावं.

पाय ठेवायची पट्टी रुंद आणि कडा गोल केलेली हवी. पायात काहीतरी घालाच, आणि गढूळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चला. पाकट काय करते ते आपल्याला ठाऊक आहे.

वेल्डरकडून करून घेताना

१ जून ते ३१ जुलै बंदीच्या काळात बोटींची कामं निघतात, तेव्हा उरलेल्या तुकड्यांतून स्कूप करून घेता येतो. घाई असेल तर बंदी सुरू होण्याआधी सांगा, नंतर वेल्डरला मान वर करायला वेळ नसतो. त्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगायच्या. पत्रा पातळ आहे, तर आर्गन वेल्डिंग कर, साध्या रॉडने भोकं पडतात. ३१६ ला ३१६ एलचीच तार वापर. आणि ज्या ग्राइंडरच्या चाकाने साधं लोखंड कापलं ते चाक यावर लावू नको. लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुततात, आठवड्यात लाल ठिपके उठतात, आणि मग आपण चांगल्या पत्र्याला शिव्या घालतो. वेल्डच्या बाजूला जो निळा-तपकिरी रंग येतो तो तसाच सोडू नये, गंज तिथूनच सुरू होतो. स्टेनलेसच्या ब्रशने किंवा नव्या फ्लॅप डिस्कने तो घासून काढायचा. पिकलिंग पेस्टने जास्त चांगला निघतो, पण त्यात जहाल ॲसिड असतं. ते काम वर्कशॉपमध्येच हातमोजे आणि चष्मा लावून करायचं, घरी आणू नका.

सापडलं तर, आणि कुठे उकरू नये

हे थोडक्यात, पण वाचा. डिटेक्टरला जाळ्याचं शिसं आणि सोनं जवळपास सारखंच वाटतं, त्यामुळे रापणीच्या जागी दहातली नऊ वेळा शिसंच निघेल. पण अंगठी निघाली तर ती लगेच आपली होत नाही. सापडलेल्या अंगठीचंच उदाहरण जुन्या दंडसंहितेच्या कलम ४०३ खाली दिलेलं होतं: मालक कोण याचा शोध न घेता ती लगेच विकली तर तो गुन्हा. आता हाच गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये आहे. पोलीस चौकीत नोंद करा, पोच घ्या. जमिनीत दडलेला जुना ऐवज, नाणी वगैरे सापडली आणि किंमत दहा रुपयांच्या वर असली तर १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्याप्रमाणे कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. किल्ल्यांच्या आणि संरक्षित जागांच्या आसपास स्कूप बाहेरच काढू नका.

आणि मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे कासवांची अंडी असतात. ऑलिव्ह रिडले मादी नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत येते, घरटं हातभर खोल असतं आणि पिल्लं बाहेर पडायला दीड-दोन महिने लागतात. म्हणजे तुमचा स्कूप जेवढा खाली जातो, बरोबर तेवढ्यावर अंडी. त्या दिवसांत भरतीच्या रेषेच्या वरच्या वाळूला तिथे हात लावायचा नाही. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात आणि खालच्या जड वस्तू उघड्या पडतात, त्यामुळे सप्टेंबरअखेर, उधाणाच्या दिवशी, पूर्ण ओहोटीला खालच्या ओल्या पट्ट्यात काम करणं सगळ्यात फायद्याचं. जीवरक्षकांचा लाल बावटा असेल तर पाण्यात उतरायचं नाही.

वापरताना स्कूप डिटेक्टरच्या चकतीपासून दोन हात लांब ठेवा, नाहीतर तो स्वतःच्याच स्कूपवर ओरडतो. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, मानेच्या कोपऱ्यांत बोट घालून वाळू काढा, डबा खाली करून टांगा. महिन्यातून एकदा मान कोरडी पुसून नख फिरवा. नख अडकलं तर चीर आहे. तशीच वेल्ड मारू नका, ती पुढे सरकते. चिरेच्या टोकाला आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडायचं, चीर घासून उघडी करायची, आणि मग भरायची.